आईला झाला, मग मलाही होणार का?

मागच्या भागानंतर बडोद्याच्या एका ताईंनी मला विचारलं, "माझ्या आईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. तो माझ्याही रक्तातच असणार. मग तपासणी करून काय उपयोग?" आज याच प्रश्नावर बोलू.

हा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग खूप जणींना होतो, पण बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावून लावतं. काहींच्या शरीरात मात्र तो ठाण मांडून बसतो. असं का? इथे जनुकांचाही थोडा हात असतो.

आपल्या सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकं आहेत. ती जणू छोट्या ताटल्या घडवतात. विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे या ताटल्यांत ठेवून पेशी ते बाहेर दाखवते, आणि ते ओळखून पांढऱ्या पेशी कामाला लागतात. प्रत्येकाच्या ताटल्यांचा घाट वेगळा असतो. एखाद्या घाटात तुकडा नीट बसतो, एखाद्यात बसत नाही. मग पहारेकऱ्याला चोर ओळखता येत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासातही याच भागातले फरक कर्करोगाच्या धोक्याशी जोडलेले आढळले.

पण ताई, आईकडून आपल्याला निम्मीच जनुकं मिळतात, आणि तीही फक्त धोका कमी-जास्त करतात. विषाणू टिकल्याशिवाय हा कर्करोग सहसा होत नाही. शिवाय संसर्गापासून कर्करोगापर्यंत साधारण १५ ते २० वर्षं जातात. तेवढा काळ आपल्या हातात असतो.

तो कसा वापरायचा, हे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांनी जगाला दाखवलं. तिथे ३० ते ५९ वर्षांच्या स्त्रियांची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, गरज असलेल्यांवर उपचार झाले. २००९ साली निकाल आला: तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्मे! कुणाचीही जनुकं न बघता.

म्हणून तिशी ओलांडली असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांना एचपीव्ही तपासणीबद्दल विचारा. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल, तर लशीबद्दलही विचारा. जनुकं बदलता येत नाहीत, पण तपासणीची तारीख आजच ठरवता येते.

भेटू पुढच्या भागात.