विस्थापन, भाषा आणि उच्च शिक्षण : सिंधी निर्वासितांचा अनुभव व जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थी

प्रस्तावना

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या २२ व्या अनुच्छेदात शिक्षणाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. प्राथमिक शिक्षणाबाबत निर्वासितांना स्थानिक नागरिकांप्रमाणेच वागणूक द्यावी आणि त्यापुढील शिक्षणात परदेशी प्रमाणपत्रांची मान्यता, शुल्कमाफी व शिष्यवृत्ती यांबाबत शक्य तितकी अनुकूलता दाखवावी, असे त्यात म्हटले आहे. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही. तथापि करार होण्यापूर्वीच निर्वासितांच्या उच्च शिक्षणाचा एक मोठा अनुभव महाराष्ट्राच्या भूमीवर घडून गेला होता. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाची मीमांसा करून दाभोसा व एकूणच जव्हार-मोखाडा परिसरातील महाविद्यालयीन अध्यापनासाठी त्यातून काय घेता येईल, याचा विचार केला आहे.

सिंधी निर्वासितांचा अनुभव

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती कल्याणजवळील लष्करी छावणीत झाली. १९४९ मध्ये या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. १९४८ मध्ये कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजमधून आलेल्या प्राध्यापकांनी मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केले. सिंधमधील हैदराबाद येथे १९२२ साली स्थापन झालेले नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्रे येथे पुन्हा उभे राहिले. या कार्यात प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांचा पुढाकार होता. पुढे १९५४ मध्ये के. सी. कॉलेज आणि १९६५ मध्ये खुद्द उल्हासनगरात चांदीबाई महाविद्यालय सुरू झाले.

हे इतक्या अल्पावधीत कसे साध्य झाले? त्याचे श्रेय केवळ जिद्दीला देऊन भागत नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता आणि १९४७ पर्यंत तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. त्यामुळे अभ्यासक्रम परिचित होता आणि अध्यापनाचे इंग्रजी माध्यमही बदलले नाही. शिवाय शिकविणारे प्राध्यापक विद्यार्थ्यांची भाषा जाणणारे होते, आणि समाजातील दात्यांचे आर्थिक पाठबळ लाभले. घर सुटले तरी ज्ञानाची भाषा, शिक्षक आणि आधार देणारा समाज यांचा धागा तुटला नाही.

या यशाला दुसरी बाजूही आहे. सिंधीसाठी अरबी-फारसी वळणाची लिपी वापरावी की देवनागरी, हा वाद दीर्घकाळ चालला. १९६७ मध्ये सिंधीचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला, तरी पुढील पिढ्यांत सिंधी माध्यमाचे शिक्षण क्षीण होत गेले. म्हणजेच उच्च शिक्षणाचा मार्ग खुला होत असताना मातृभाषेची वाट अरुंद होऊ शकते.

जव्हार-मोखाड्यातील स्थिती

येथील वारली, कोकणा, कातकरी, ठाकर आदी समाजांतील विद्यार्थी निर्वासित नाहीत. ते आपल्याच भूमीवर राहतात, आणि ही मर्यादा ध्यानात ठेवूनच तुलना केली पाहिजे. परंतु दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामासाठी बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. घरची भाषा एक, वर्गातील मराठी दुसरी आणि शास्त्र-वाणिज्य शाखांतील इंग्रजी परिभाषा तिसरी, असा भाषिक प्रवासही त्यांना करावा लागतो.

येथे जिम कमिन्स या भाषाशिक्षणतज्ज्ञाने १९७९ मध्ये मांडलेला भेद उपयुक्त ठरतो. दैनंदिन संभाषणाची भाषा आणि शैक्षणिक व्यवहाराची भाषा या भिन्न क्षमता आहेत. पहिली साधारण दोन वर्षांत अवगत होते. दुसरीसाठी पाच ते सात वर्षे लागू शकतात. आपला विद्यार्थी बाजारात, एस.टी.त सहज मराठी बोलतो. म्हणून त्याला भाषेची अडचण नाही असे आपण गृहीत धरतो. प्रश्नपत्रिकेत मात्र ‘विशद करा’, ‘साधकबाधक चर्चा करा’, ‘मूल्यमापन करा’ अशा सूचना असतात. त्यांतील फरक न कळल्याने उत्तर फसले, तर आपण ते विषयाचे अज्ञान समजतो. येथेच गुणवत्तेवर अन्याय होतो.

उपाययोजना

१) प्रथम वर्षाच्या आरंभी प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपल्या विषयातील मूलभूत संज्ञा व प्रश्नपत्रिकेतील क्रियापदे उदाहरणांसह शिकवावीत. हे काम केवळ मराठी विभागाचे नाही.

२) विद्यार्थ्यांना आपल्या बोलीत चर्चा करून नंतर प्रमाण मराठीत लिहिण्याची मुभा असावी. बोली ही संकल्पना समजण्याची पहिली पायरी आहे.

३) वरच्या वर्गातील त्याच समाजाचा विद्यार्थी नवागताला मार्गदर्शक म्हणून जोडून द्यावा. स्वतःची भाषा जाणणारा शिक्षक सिंधी विद्यार्थ्यांना लाभला होता. येथे ती उणीव काही अंशी अशा प्रकारे भरून निघेल.

४) वसतिगृह प्रवेश, जातवैधता प्रमाणपत्र आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना यांचे अर्ज महाविद्यालयातच भरून घ्यावेत. स्थलांतराच्या काळात गैरहजर राहणाऱ्यांची नावे आधीच नोंदवून त्यांच्या निवासाची सोय पाहावी.

समारोप

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातील केवळ ३ टक्के निर्वासित युवक उच्च शिक्षणात होते. २०३० पर्यंत हे प्रमाण १५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्यासाठी शिष्यवृत्तीबरोबरच भाषिक पूर्वतयारी व सामाजिक आधार आवश्यक मानले जातात. जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो. परंतु प्रवेश मिळणे आणि शिक्षणात टिकणे यांत अंतर आहे. हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी विद्यार्थ्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आपणा अध्यापकांची आहे.