जुनी पेट्रोल गाडी सिग्नलला बंद का पडते?

आजच्या भागात आयडल एअर व्हॉल्व्हबद्दल बोलूया. बऱ्याच गॅरेजमध्ये याला सरसकट ‘स्टेपर मोटर’ म्हणतात.

भिवंडीकरांना वेगळं सांगायला नको. अंजूरफाट्याला पुढे कंटेनर, मागे ट्रक आणि आपली गाडी स्लोला बंद पडली, की घाम फुटतो. त्यात इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा ब्रेक मारल्यावर पेडलही घट्ट होतं. म्हणून हे काम उद्यावर ढकलू नका.

आधी हा व्हॉल्व्ह करतो काय ते बघू. १९८३ साली आलेल्या मारुती ८००ला कार्ब्युरेटर होता, त्यात ही भानगड नव्हती. २०००च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि छोट्या गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन आलं. रेसवरून पाय काढला की थ्रॉटलची पाती जवळजवळ बंद होते. मग इंजिनला हवा मिळते ती बाजूच्या छोट्या वाटेने. ती वाट किती उघडायची, हे ईसीयू या व्हॉल्व्हला सांगतो. एसी लावला, लोड वाढला, की वाट थोडी जास्त उघडते. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. आमच्या भाषेत हा सरळ फीडबॅक लूप आहे.

वर्षानुवर्षं इंजिनची तेलकट वाफ तिथे जाऊन कार्बन साचतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. मग आरपीएम वरखाली नाचतो, किंवा एसी लावताच गाडी बंद पडते.

पण लगेच नवा पार्ट घेऊ नका. आधी व्हॅक्यूमचे पाइप बघा. पाइपला चीर असेल, तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. फुस्स असा आवाज येतोय का, ऐका. मग गाडी गरम करा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि एसी लावा. आरपीएम क्षणभर पडून सावरला, तर व्हॉल्व्ह काम करतोय. पडून तसाच राहिला, तर संशय पक्का.

काहीजण प्लग काढून बघा म्हणतात. दोन-तीन वायरींच्या सोलेनॉइडला ही टेस्ट चालते. आरपीएम बदलायला हवा. पण चार वायरींचा खरा स्टेपर प्लग काढल्यावर आहे तिथेच थांबतो. आरपीएम बदलला नाही म्हणून त्याला खराब ठरवू नका.

आता सफाई. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग व्हॉल्व्ह खोला. थ्रॉटल बॉडी क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. स्प्रे मोटरच्या बाजूला जाऊ देऊ नका. स्टेपरची पिन हाताने ओढू-ढकलू नका, आतले आटे जातात. थ्रॉटलमधली हवेची वाटही पुसा. पूर्ण वाळल्यावर नवीन गॅस्केट टाकून बसवा आणि मॅन्युअलप्रमाणे आयडल सेट करा. एवढं करूनही फरक नाही, तर वायरिंग तपासा आणि मगच नवा व्हॉल्व्ह घ्या.

एक जुगाड मात्र टाळा: थ्रॉटलचा स्क्रू पिळून आरपीएम वाढवणं. दुखणं तसंच राहतं, पेट्रोल जास्त जळतं. १५ वर्षांनी आरसी रिन्यू करताना गाडीची तपासणी होते, आणि पीयूसीला पेट्रोल गाडीचा धूर स्लोवरही मोजतात. त्याआधी एक रविवार या व्हॉल्व्हला द्या.