समुद्रावरील वारे व मृगाचा पाऊस

ज्येष्ठांत एखादे दिवशीं आभाळ भरून येतें, दोन दिवस झड लागते, ओढ्यांना पाणी जातें आणि गांवोगांव तिफणी बाहेर निघतात. मग पंधरा दिवस थेंब नाहीं. असा प्रकार आपल्या प्रांतांत वारंवार घडतो, व पावसानें दगा दिला असें आपण म्हणतों. परंतु पुष्कळदां जो पडला तो मोसमी पाऊस नसतोच. अरबी समुद्रांतील एखाद्या वादळानें तो जातां जातां टाकलेला असतो. दोहोंनीं माती सारखीच भिजते. पण एकाच्या पाठीमागें हजारों मैलांचा वाऱ्याचा प्रवाह उभा असतो, दुसऱ्याच्या पाठीमागें कांहींच नसतें. बियाणें केव्हां जमिनींत टाकावें हें ठरवितांना हा भेद ध्यानांत असणें अवश्य आहे.

प्रथम मोसमी वारा कोठून येतो तें पाहूं. जून महिन्यांत विषुववृत्ताच्या दक्षिणेस हिंवाळा असतो. मादागास्कर व मॉरिशस बेटांच्या दक्षिणेकडील समुद्रावर त्या दिवसांत हवेचा दाब वाढतो. उलट राजस्थान व सिंध या बाजूस जमीन तापून दाब उतरलेला असतो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा धांवते. निघतांना ती आग्नेयीचा वारा असते. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळें उजवीकडे वळते व नैर्ऋत्येचा वारा होते. वाटेंत पूर्व आफ्रिकेचीं उंच पठारें आडवीं येतात. त्यांच्या कडेनें हा सर्व प्रवाह दाटून सोमाली किनाऱ्यालगत अतिशय वेगवान होतो, आणि समुद्रापासून एक ते दीड किलोमीटर उंचीवर त्याचा जोर सर्वांत अधिक असतो. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनीं १९६९ सालीं या प्रवाहाचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. अर्थात् अरबी खलाशी या वाऱ्यावर शिडें उभारून शतकानुशतकें आपल्या बंदरांत येत होते, व 'मोसमी' हा शब्दही त्यांच्याच भाषेंतील ऋतुवाचक शब्दावरून आलेला आहे.

हा वारा समुद्राचें पाणी वाफेच्या रूपानें उचलतो आणि उरलेलें घुसळतो. जुलैंत भर समुद्रांत तीन-चार मीटर उंचीच्या लाटा नित्याच्या असतात. कोंकणांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवण्याची वहिवाट आहे ती उगीच नव्हे. सोमाली किनाऱ्यापाशीं वरचें पाणी दूर लोटलें जाऊन खालचें थंड पाणी वर येतें. त्यामुळें मे महिन्यांत तीस अंशांच्या आसपास तापलेला अरबी समुद्र पावसाळ्यांत निवतो.

आतां वादळाचें पाहूं. त्यास दोन गोष्टी लागतात. समुद्राचें पाणी साधारण साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलेलें हवें. आणि खालचा वारा व बारा-चौदा किलोमीटर उंचीवरचा वारा एकमेकांच्या फार विरुद्ध नसावा. मोसमी प्रवाह स्थिरावला म्हणजे खालीं पश्चिमेचा व वर पूर्वेचा असे दोन जोरकस वारे वाहूं लागतात, आणि वादळाचा उभा स्तंभ त्यांच्या ओढींत मोडून जातो. म्हणून जुलै-ऑगस्टांत अरबी समुद्रांत मोठें वादळ क्वचित् उठतें. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलेलें 'असना' हा विरळा अपवाद. धोक्याचे दिवस म्हणजे मे व जूनचा पूर्वार्ध, आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. दुर्दैवानें त्यांतील पहिले दिवस हेच आपल्या पेरणीच्या तयारीचे.

वादळ भोंवतालची हवा आपल्या केंद्राकडे ओढतें. किनाऱ्याजवळून जातांना तें पाऊस देतें. परंतु ओमानकडे किंवा गुजराथकडे निघालें कीं बाष्पही आपल्याबरोबर नेतें, आणि मोसमी प्रवाहाची घडी पुन्हा बसण्यास दिवस लागतात. २०२० सालीं ३ जून रोजीं 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलें. पाऊस पुणें-नाशिकपर्यंत पोंचला. मोसमी पाऊस मुंबईंत पोंचला तो १४ जून रोजीं. २०२३ सालचें 'बिपरजॉय' याहून त्रासदायक ठरलें. केरळांत मोसमी पाऊस ८ जूनला आला, ११ तारखेस रत्नागिरीपर्यंत चढला व तेथेंच थबकला. वादळ १५ जूनला कच्छमध्यें जखाऊपाशीं जमिनीवर गेलें, तरी मुंबईस पाऊस पोंचावयास २५ जून उजाडला; एरवीं तो ११ जूनच्या सुमारास येतो.

महसूल खात्यांत असतां तालुक्याच्या पावसाचे आंकडे आम्हीं अनेक वर्षें लिहिले. पर्जन्यमापकांत किती पाणी सांचलें तें कळतें. तें कोणत्या वाऱ्यानें आणलें हें त्या नळकांड्यास ठाऊक नसतें. पैसेवारीच्या वेळीं मात्र हीच अडचण पुढें उभी राहते. कागदावर जूनचा पाऊस सरासरीएवढा, आणि शिवारांत उगवण निम्मीही नाहीं! शेतकरी खरें बोलत असतो व आंकडाही खोटा नसतो.

भारतीय हवामान खातें केरळांत मोसमी पाऊस आल्याचें जाहीर करतें तें नुसत्या पावसावरून नव्हे. ठरलेल्या चौदा ठाण्यांपैकीं शेंकडा साठ ठाण्यांवर लागोपाठ दोन दिवस अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस हवा. शिवाय समुद्रावर पश्चिमेचा वारा सुमारें चार किलोमीटर उंचीपर्यंत भरलेला, व खालच्या थरांत ताशीं पंधरा ते वीस सागरी मैल वेगाचा हवा. वाऱ्याची ही खोली आपल्या बांधावरून दिसत नाहीं. सबब खात्याच्या पत्रकांत वाऱ्याविषयीं काय लिहिलें आहे तें अवश्य वाचावें. तेथेंही सावधपण लागतें. २०२५ सालीं मोसमी पाऊस २६ मे रोजींच मुंबईस पोंचला, आणि पुढें जूनच्या मध्यापर्यंत त्याची चाल अडली.

कोरडवाहू कापूस किंवा सोयाबीन असेल तर ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर जाईपर्यंत तिफण धरूं नये, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला याचसाठीं आहे. तीस-चाळीस मिलिमीटरांत वरची चार बोटें माती भिजते, बीं फुगतें, अंकुर निघतो, आणि जूनचें ऊन त्यास दोन-चार दिवसांत जाळतें. विहिरीचें पाणी हातीं असलेल्यानें थोडें धाडस करावयास हरकत नाहीं. इतरांनींही वादळाचा पाऊस वायां घालवूं नये. त्यानें तणाचें बीं उगवून येतें. वाफसा होतांच कुळवाची एक पाळी दिली तर तें तण मरतें, आणि मोसमी पाऊस येतांच पेरणीस रान स्वच्छ मिळतें.