छावण्या उठल्यानंतरचा हिशेब

सैन्य उठून गेले की छावणी संपली, हा समज किती अपुरा आहे, याचा अनुभव जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग प्रांताइतका क्वचितच कोणाला आला असेल. 1994 च्या ऑगस्टअखेर रशियन फौजांनी जर्मनीचा निरोप घेतला, आणि या प्रांताच्या दफ्तरी सुमारे 1 लाख हेक्टर जमीन जमा झाली. परंतु तिच्याबरोबरच ओस बराकी, धावपट्ट्या, तेल मुरलेली माती आणि गवताखाली दडलेले न फुटलेले बाँब हेही त्याच्या पदरी पडले.

त्याच वर्षी, लष्करी साधने नागरी उपयोगाकडे वळविण्याच्या, म्हणजेच 'परिवर्तना'च्या, अभ्यासासाठी बॉन येथे आंतरराष्ट्रीय परिवर्तन केंद्र स्थापन झाले. कोळशाच्या खाणी व पोलादाचे कारखाने बंद पडत असता कामगारांना नव्या उद्योगांकडे वळविण्याचा दीर्घ अनुभव गाठीशी असलेला पश्चिमेचा नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया आणि छावण्यांच्या ओझ्याखाली वाकलेला पूर्वेचा ब्रांडेनबुर्ग, या दोन प्रांतांनी ही संस्था उभारण्यास हात दिला, हे मला तिच्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते. हेर्बर्ट वुल्फ हे तिचे पहिले संचालक. लष्करी खर्च, संशोधन, शस्त्रोद्योग, सेवामुक्त सैनिक, छावण्यांच्या जमिनी आणि अतिरिक्त शस्त्रे अशा सहा अंगांनी तिने या प्रश्नाचा अभ्यास आरंभिला. युरोपीय समुदायानेही 1993 पासून 'कोनव्हर' नावाची योजना काढून, लष्करी उद्योगांवर व तळांवर ज्यांची उपजीविका अवलंबून होती अशा प्रदेशांना साहाय्य देऊ केले होते.

सहा अंगांपैकी शेवटचे सर्वांत अवघड. पूर्व जर्मनीची सेना 1990 मध्ये विसर्जित झाली, आणि तिच्या आरमारातील 39 जहाजे पुढे इंडोनेशियाला विकण्यात आली. युद्धनौका युद्धनौकाच राहिली आणि केवळ तिचा धनी बदलला, तर त्या व्यवहारास परिवर्तन म्हणणे मला मान्य नाही.

जमिनीची कथा निराळी आहे, पण तीही सरळ नाही. ब्रांडेनबुर्गमधील ब्रांड येथील जुन्या सोव्हिएत विमानतळावर एका कंपनीने आकाशनौका बांधण्यासाठी 360 मीटर लांब व 107 मीटर उंच असे प्रचंड छत उभारले. 2002 साली कंपनीचे दिवाळे निघाले, आणि 2004 पासून त्याच छताखाली उष्ण कटिबंधातील झाडे व जलाशय यांचे विश्रामस्थान चालू झाले. युटरबोगच्या कवायतीच्या माळरानाचा मोठा भाग निसर्गसंवर्धनासाठी राखला गेला. किरित्स-रुपिन येथील बाँबफेकीचे मैदान मात्र जर्मन सैन्याला स्वतःच्या सरावासाठी हवे होते. आसपासच्या ग्रामस्थांनी न्यायालयात आणि रस्त्यावर वर्षानुवर्षे नेटाने झुंज दिली, तेव्हा कोठे 2009 साली संरक्षण खात्याने आपला दावा सोडला.

फौज घटविली की तिजोरीत तत्काळ शिल्लक पडेल, ही अपेक्षा या अनुभवापुढे टिकत नाही. माती धुण्याचा, दारूगोळा वेचण्याचा आणि सैनिकाला दुसरा धंदा शिकविण्याचा खर्च शस्त्रकपातीच्या अंदाजपत्रकातच धरला पाहिजे, आणि तो एकट्या छावणीच्या गावावर लादता कामा नये.