जन्मभूमीचा संघ मांडून पाहू या!

घरात चार तरुण मुले जमली की ‘सर्व काळांतील सर्वोत्तम संघ’ निवडण्याचा खेळ हमखास सुरू होतो. सलामीला गावसकर घ्यायचा की सेहवाग, यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला जातो! अमेरिकेतील बास्केटबॉलच्या शौकिनांत याच खेळाचा एक वेगळा प्रकार आवडीने खेळला जातो. व्यावसायिक खेळाडूंना त्यांचे संघ सोडायला लावायचे आणि ज्याचा जो प्रांत, त्या प्रांताच्या संघात त्याला बसवायचे. न्यूयॉर्कचे न्यूयॉर्ककडे, शिकागोचे शिकागोकडे. कागद-पेन्सिलीवर चालणारा हा बिनखर्ची खेळ वरवर पोरकट वाटतो. पण मांडायला बसले की अमेरिकेचा जो नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो, तो शाळेच्या भूगोलात सापडत नाही.

प्रथम थोडी माहिती. एन.बी.ए. ही अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची सर्वांत मोठी संघटना. तिची सुरुवात 1946 साली झाली आणि आजचे नाव तिला 1949 मध्ये मिळाले. संघांना शहरांची नावे असली, तरी खेळाडू त्याच शहराचे असतील असे मुळीच नाही. दरवर्षी नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. पुढे संघ आपसांत खेळाडूंची अदलाबदलही करतात. आपल्याकडे 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा हीच गंमत आपण पाहिली. ‘यू मुंबा’ने 2015 चे विजेतेपद मिळवले तेव्हा त्या संघाचा कर्णधार अनुप कुमार होता हरियाणाचा! मुंबईकरांनी त्याला आपला मानला, ही गोष्ट निराळी.

विशेष म्हणजे खेळाडूला त्याच्या गावाशी बांधण्याची कल्पना एन.बी.ए.मध्ये एकेकाळी खरोखरच नियम म्हणून अमलात होती. पहिल्या फेरीतील आपली पाळी सोडली, तर संघाला आपल्या शहरापासून 50 मैलांच्या आतील खेळाडू हक्काने उचलता येई. हेतू उघड होता. गावचा पोरगा मैदानात उतरला की गावची माणसे तिकीट काढणार! 1965 पर्यंत हा नियम चालला. बहुधा खेळाडूचे कॉलेज कोठे आहे ते पाहिले जाई. पण विल्ट चेंबरलेन या सात फुटी खेळाडूच्या बाबतीत फिलाडेल्फिया वॉरियर्सने वेगळाच दावा मांडला. तो शिकला दूरच्या कॅन्सास विद्यापीठात, पण वाढला फिलाडेल्फियात, म्हणून तो आमचा! 1959 साली हा दावा मान्य झाला. पुढचा विनोद असा, की 1962 मध्ये तो संघच गाशा गुंडाळून सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि ‘गावचा’ म्हणून घेतलेल्या चेंबरलेनलाही बरोबर घेऊन गेला.

हा खेळ मांडताना पहिलीच अडचण येते ती ‘गाव कोणते?’ ही. जन्मले ते, की वाढले ते? मायकेल जॉर्डन जन्मला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, वाढला नॉर्थ कॅरोलायनात. लेब्रॉन जेम्स आणि स्टीफन करी हे दोघे ओहायोतील एकाच ॲक्रन गावी जन्मले. पण करीचे वडील शार्लट शहराच्या संघाकडून खेळत, म्हणून तो नॉर्थ कॅरोलायनात लहानाचा मोठा झाला. जन्म धरला तर ओहायोकडे जेम्स आणि करी अशी जोडी येते. संगोपन धरले तर नॉर्थ कॅरोलायनाकडे जॉर्डन, करी आणि विन्स्टन-सेलमचा ख्रिस पॉल, म्हणजे चांदीच! घरात मांडताना आधी नियम ठरवून घ्यावा, नाहीतर भांडण अटळ.

मी मात्र जन्माचा नियम धरून थेट दक्षिणेत लुइझियानाला जाते. कारण तेथे जे दिसते ते इतरत्र दिसत नाही. मिसिसिपी नदीच्या मुखाचा, ऊस-कापसाचा, गुलामगिरीच्या खुणा अंगावर बाळगणारा हा प्रांत. या एका प्रांतात जन्मलेल्यांची नावे पाहा. मन्रोचा बिल रसेल, ज्याने 13 हंगामांत बोस्टनला 11 विजेतेपदे मिळवून दिली. बॅटन रूजचा बॉब पेटिट, एन.बी.ए.चा सर्वोत्तम खेळाडू हा किताब 1956 मध्ये प्रथमच देण्यात आला तो यालाच. रेव्हिलचा एल्विन हेज. बर्नीस गावात वाढलेला विलिस रीड. समरफील्डचा कार्ल मलोन. श्रीव्हपोर्टचा रॉबर्ट पॅरिश, जो 1611 सामने खेळला. त्याच श्रीव्हपोर्टला जन्मलेला जो डुमार्स, आणि न्यू ऑर्लिन्सला जन्मून टेक्ससमध्ये वाढलेला क्लाइड ड्रेक्सलर. असा संघ कोणत्या महानगराला जमेल? उणीव एकच. उंचपुरे सगळे, चेंडू खेळवत पुढे नेणारे मात्र कमी. ती जबाबदारी डुमार्सवर टाकावी, मध्यभागी रसेल, त्याच्या दोन बाजूंना पेटिट आणि मलोन, अन् ड्रेक्सलरने धावावे. रीड, हेज आणि पॅरिश यांना राखीव बसवताना जिवावर येते, पण इलाज नाही.

कागदावर संघ झाला. आता तो 1956 सालच्या लुइझियानात खेळवून पाहू. जमणारच नाही! कारण त्याच वर्षी त्या प्रांताच्या विधिमंडळाने गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंनी एकत्र वा एकमेकांविरुद्ध खेळण्यास बंदी करणारा कायदा केला. प्रेक्षकांनीही वेगवेगळे बसायचे! पेटिट गोरा, रसेल काळा. म्हणजे आपल्या जन्मभूमीत हे दोघे एका चेंडूला हात लावते तर तो गुन्हा ठरला असता. न्यायालयांनी हा कायदा 1958-59 मध्ये रद्द केला, पण रूढी कायद्यापेक्षा चिवट असते. पेटिट ज्या लुइझियाना स्टेट विद्यापीठातून खेळला, तेथे बास्केटबॉलच्या संघात पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला तो 1971 साली. विलिस रीड शिकला तो कृष्णवर्णीयांसाठी उभारलेल्या ग्रॅम्बलिंग कॉलेजात. एल्विन हेज प्रांत ओलांडून ह्यूस्टनला गेला आणि तेथे डॉन चेनीसह तो विद्यापीठ संघातील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. 1968 च्या जानेवारीत पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर याच हेजने 39 गुण नोंदवून, पुढे करीम अब्दुल-जब्बार म्हणून जगाला माहीत झालेल्या न्यूयॉर्कच्या खेळाडूच्या यू.सी.एल.ए. संघाला हरवले. त्याची कीर्ती झाली टेक्ससची!

रसेलची गोष्ट तर याहून बोलकी. त्याचे वडील एकदा पेट्रोल पंपावर गेले असता, गोऱ्या गिऱ्हाइकांचे सगळे आटोपेपर्यंत त्यांना ताटकळत ठेवले गेले. कंटाळून ते निघू लागले, तर तेथील नोकराने त्यांच्या तोंडासमोर बंदूक धरली. आई एकदा चांगला पोशाख करून बाहेर पडली, तर पोलिसाने तिला हटकले : हे गोऱ्या बायकांचे कपडे आहेत, घरी जाऊन आधी उतरव! रसेल आठ-नऊ वर्षांचा असताना या कुटुंबाने लुइझियाना सोडला आणि ते कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेले. 1910 ते 1970 या काळात दक्षिणेतून सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय असेच उत्तरेला व पश्चिमेला निघून गेले. गाव सोडून शहर का धरावे लागते, हे या पानाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ओकलंडच्या शाळेत रसेल संघातून वगळला जाण्याच्या बेतात होता. जॉर्ज पाउल्स नावाच्या गोऱ्या शिक्षकाने त्याला ठेवून घेतले. संगोपनाचा नियम लावला तर रसेल ओकलंडकडे जातो आणि तेथे त्याच्या जोडीला गॅरी पेटन, जेसन किड, डेमियन लिलार्ड मिळतात. लुइझियानाने घालवले, ओकलंडने कमावले.

आणि गंमत पाहा, पेटिट व रसेल हे खरोखरच एका संघात येता येता राहिले! 1956 च्या ड्राफ्टमध्ये पेटिटच्या सेंट लुइस हॉक्सने रसेलची निवड केली आणि लगेच त्याला बोस्टनला देऊन बदल्यात एड मॅकॉली आणि क्लिफ हेगन हे दोन खेळाडू घेतले. मॅकॉली मूळचा सेंट लुइसचाच. आजारी मुलासाठी त्यालाही घरी परतायचे होते. म्हणजे सेंट लुइसला गावचा माणूस परत मिळाला. मात्र त्या शहरातील वर्णद्वेष पाहता आपण तेथे खेळलोच नसतो, असे रसेलने पुढे स्पष्ट सांगितले. मग लुइझियानाचे हे दोन पुत्र 1957, 1958, 1960 आणि 1961 अशा चार अंतिम फेऱ्यांत समोरासमोर आले. तीन रसेलच्या संघाने जिंकल्या. 1958 मध्ये रसेलचा घोटा दुखावला, आणि शेवटच्या सामन्यात पेटिटने एकट्याने 50 गुण केले.

लुइझियानाचे नावसुद्धा बाहेर गेले आहे! न्यू ऑर्लिन्सचा ‘जॅझ’ हा संघ 1979 मध्ये युटा प्रांतात हलला. ज्या संगीताचा युटाशी काडीचा संबंध नाही, त्याचे नाव त्यांनी तसेच ठेवले. सहा वर्षांनी त्याच संघात कार्ल मलोन दाखल झाला. नाव लुइझियानाचे, खेळाडू लुइझियानाचा, टाळ्या मात्र युटाच्या!

असो. गावाने हक्क सांगणे आणि माणसाने आपणहून गावाचे होणे यांतला फरक ऑस्कर रॉबर्टसनच्या आयुष्यात स्वच्छ दिसतो. जन्म टेनेसीचा, बालपण इंडियानापोलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीत. तेथील क्रिस्पस ॲटक्स ही केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा. 1955 साली रॉबर्टसनच्या संघाने संपूर्ण इंडियाना प्रांताचे अजिंक्यपद मिळवले. देशात कोणत्याही कृष्णवर्णीय शाळेने असे खुले अजिंक्यपद त्यापूर्वी मिळवले नव्हते. विजेत्यांनी शहराच्या मुख्य चौकात जल्लोष करायचा, ही तेथील प्रथा. या मुलांची मिरवणूक मात्र चौकाला फेरी मारून काळ्यांच्या वस्तीतील बागेकडे वळवण्यात आली. त्यांनीच शहराचे नाव केले, आणि शहराला त्यांचा आनंद आपल्या चौकात नको होता! पुढल्या वर्षी एकही सामना न हरता त्यांनी ते पद पुन्हा जिंकले. रॉबर्टसन मग सिनसिनाटीच्या विद्यापीठात गेला आणि 1960 मध्ये, वर सांगितलेल्या 50 मैलांच्या नियमाने, सिनसिनाटी रॉयल्सने त्याला हक्काने उचलले. हाच रॉबर्टसन पुढे खेळाडूंच्या युनियनचा अध्यक्ष झाला. खेळाडूने कोठे खेळायचे हे मालकच ठरवतात, ही पद्धत मोडण्यासाठी 1970 मध्ये त्याच्या नावाने खटला गुदरण्यात आला. सहा वर्षांनी, 1976 मध्ये तडजोड झाली आणि करार संपलेल्या खेळाडूला संघ निवडण्याची वाट मोकळी झाली.

त्या वाटेवरूनच ॲक्रनचा लेब्रॉन जेम्स 2010 साली जवळच्या क्लीव्हलंडचा संघ सोडून मायामीला गेला. लोकांनी त्याच्या नावाचे शर्ट जाळले! 2014 मध्ये तो आपणहून परतला आणि 2016 मध्ये क्लीव्हलंडला विजेतेपद मिळाले. 1964 नंतर कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळातले त्या शहराचे ते पहिलेच. शिकागोच्या डेरिक रोझला हे भाग्य पुरते लाभले नाही. 2008 मध्ये तो गावच्याच संघात पहिल्या क्रमांकाने निवडला गेला, 2011 मध्ये 22 व्या वर्षी सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि पुढच्याच वर्षी त्याचा गुडघा गेला.

हा कागदी खेळ एकदा जवळजवळ खराही झाला. 2023-24 च्या हंगामात लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे कावाय लेनर्ड, पॉल जॉर्ज, जेम्स हार्डन आणि रसेल वेस्टब्रूक असे चौघे होते, चौघेही दक्षिण कॅलिफोर्नियाचे. निकाल? 51 सामने जिंकले, आणि बाद फेरीत पहिल्याच घासाला डॅलसकडून हरले. दुखापती होत्याच, पण एकाच पाण्याचे चौघे म्हणजे संघ नव्हे, असे मला वाटते.

आता मुलींचा संघ! तो मांडल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवू नये. लुइझियानाच्या मुलींत पहिले नाव लिहावे ते सिमोन ऑगस्टसचे. जन्म बॅटन रूजचा, शाळा बॅटन रूजची, आणि विद्यापीठही तेच, ज्याचे दार कृष्णवर्णीय खेळाडूला 1971 साली उघडले. पुढे मिनेसोटा लिंक्सकडून तिने चार अजिंक्यपदे मिळवली. 2023 साली लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आपल्या आवारात तिचा पुतळा उभारला. महिला खेळाडूचा तेथील हा पहिला पुतळा. त्याच आवारात बॉब पेटिटचाही पुतळा आहे. बिल रसेलचा पुतळा मात्र तेथून फार दूर, बोस्टनच्या नगर-सभागृहासमोर आहे. तो 2013 साली बसवला.