आडवा पाटा, अजिंठ्याचा घाट

हॉट रॉड, म्हणजे फेरबदल करून वेगवान केलेल्या जुन्या गाड्या, बांधणाऱ्यांचा जीव जुन्या फोर्डच्या पुढच्या पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर). १९४८ च्या मॉडेलपर्यंत फोर्डला पुढे एकच आडवा पाटा असे. तो शॅकलवर, म्हणजे टोकांच्या हलत्या दुव्यांवर, झुलतो. म्हणून अजिंठा-फर्दापूर घाटासारख्या वळणांत अॅक्सल डावी-उजवीकडे सरकते. तिला धरून ठेवतो पॅनहार्ड रॉड, म्हणजे अॅक्सल आणि चौकट जोडणारा आडवा दांडा. पुढचे चाक ज्यावर वळते त्या किंगपिनचा माथा साधारण ५ ते ७ अंश मागे कललेला हवा. कल कमी पडला की गाडी रेषा सोडते, आणि हॅण्डल दिवसभर सावरत बसावे लागते! बुश झिजले असतील तर कितीही मोजमाप करा, फुकट.

घरी गाडी बांधण्याची हौस आपल्याकडेही आहे. सांगलीच्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी घरी बांधलेल्या छोट्या जीपच्या बदल्यात उद्योगपती आनंद महिंद्रांनी २०२२ मध्ये बोलेरो दिली. रस्त्यावरच्या गाडीत मात्र फेरबदल करण्याआधी त्याबाबतचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाचावे.