मागचा आवाज

दिवाळीआधी डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरायला काढला, तेव्हा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत सोळा कॅसेट होत्या. भीमसेन, कुमार, नाट्यसंगीत हे सगळं अपेक्षित होतं. पण तीन कॅसेटवर बाबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं : ‘मालिका – १’, ‘मालिका – २’, ‘मालिका – ३’. मी माळ्याच्या शिडीवरच बसकण मारली. कारण त्या तीन कॅसेट कशा भरल्या गेल्या, ते मला चांगलं आठवत होतं.

दूरदर्शनच्या मालिकांचं शीर्षकसंगीत त्या काळी सहजासहजी विकत मिळत नसे. सिनेमाची गाणी दुकानात मिळत, रेडिओवर लागत. मालिकेची सुरावट मात्र आठवड्यातून एकदा यायची आणि मिनिटभरात निघून जायची. ती हवी असेल तर उपाय एकच. टीव्हीच्या स्पीकरसमोर स्टुलावर टू-इन-वन ठेवायचा, ‘प्ले’ आणि ‘रेकॉर्ड’ ही बटणं एकदम दाबायची आणि घरातल्या सगळ्यांनी श्वास रोखायचा. बाबा तोंडावर बोट ठेवून उभे राहत. रोज सकाळी फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून फोर्टला जाणारा हा माणूस, रविवारी सकाळी मात्र स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टच्या रुबाबात वावरायचा.

‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीत सुरू झालं, ‘महाभारत’ १९८८ च्या ऑक्टोबरात. त्या रविवार सकाळी आमच्या गल्लीत चिटपाखरू नसायचं, हे आता सांगून सांगून गुळगुळीत झालं आहे. मला आठवतं ते वेगळंच. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत बारा घरांतून एकाच वेळी महेंद्र कपूर यांचा आवाज यायचा, मग हरीश भिमानींचा ‘समय’ बोलू लागायचा. जिन्यावरून उतरणाऱ्या माणसाचा एक शब्दही चुकत नसे. आज त्याच इमारतीत प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र काहीतरी वाजत असतं. त्याबद्दल गळा काढण्यासाठी हा लेख नाही. कानात वायर घालून मीही ठाणे ते डोंबिवली प्रवास करते. प्रश्न आहे तो असा, की काही दशकांपूर्वीच्या मालिकांची आणि सिनेमांची ही सुरावट आपण अजून रोज का ऐकतो? तिच्याहून थोर संगीत उपलब्ध असताना?

याचं एक कारण ती घडवणाऱ्यांच्या कसबात आहे. ‘भारत एक खोज’ (१९८८) ही श्याम बेनेगल यांची त्रेपन्न भागांची मालिका. तिच्या आरंभी ऋग्वेदातलं नासदीय सूक्त येतं आणि त्यामागोमाग वसंत देव यांचं हिंदी रूपांतर. संगीत वनराज भाटिया यांचं. लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून आलेल्या या माणसाने मुंबईत परतल्यावर हजारो जाहिरातींना चाली दिल्या. ‘तमस’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. विश्व निर्माण होण्यापूर्वी काय होतं, हा प्रश्न एका मालिकेच्या शीर्षकात मावतो, हे त्यांनी आम्हा मध्यमवर्गीयांना ऐकवलं. वेदपठणाशी ज्यांचा संबंध नव्हता, अशी आमच्या इमारतीतली पोरंही ते सूर गुणगुणायची.

दुसरं उदाहरण आपल्या अशोक पत्की यांचं. त्यांचाही जाहिरातींचा अनुभव दांडगा. जाहिरातीचा संगीतकार सेकंदांचा हिशेब जाणतो, पहिल्या दोन सुरांत ऐकणाऱ्याला पकडावं लागतं हे त्याला ठाऊक असतं. शीर्षकगीताचंही नेमकं तेच काम. मुंबई दूरदर्शनवरच्या ‘गोट्या’चं मधुकर आरकडे यांनी लिहिलेलं शीर्षकगीत आणि पुढे १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’वर आलेल्या ‘आभाळमाया’चं मंगेश कुलकर्णी यांनी लिहिलेलं, देवकी पंडित यांनी गायलेलं गीत, ही दोन्ही पत्कींचीच. ‘आभाळमाया’चे पहिले सूर आले की स्वयंपाकघरातली बाई हात पुसत बाहेर येई. आता ती मालिका बंद होऊन कैक वर्षं लोटली, तरी तो सूर कानी पडला की हात आपोआप पदराकडे जातो, असं माझी एक मैत्रीण सांगते. पदर जाऊन ओढणी आली तरीही!

‘मालगुडी डेज’ची गोष्ट आणखी गंमतीची. तिचं संगीत एल. वैद्यनाथन यांचं आणि ‘सुरभि’ची सुरावट त्यांचे धाकटे बंधू, व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांची. दक्षिणेतल्या एका संगीत घराण्यातल्या दोन भावांनी डोंबिवलीतल्या मराठी घरांच्या संध्याकाळी भरून टाकाव्यात आणि आम्हाला दोघांचीही नावं ठाऊक नसावीत! श्रेयनामावली सुरू झाली की आम्ही पाणी प्यायला उठत असू.

नाव ठाऊक नसण्याची ही परंपरा सिनेमातही आहे. गाण्याचा संगीतकार लोकांना तोंडपाठ असतो, पण प्रसंगामागे वाजणारं संगीत कोणी दिलं, हे फारसं कोणी विचारत नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत पार्श्वसंगीताची वेगळी नोंद नेमाने होऊ लागली ती २००९ सालच्या चित्रपटांपासून. त्या वर्षी तो मान इळैयाराजांना मिळाला. वास्तविक त्याच्या कितीतरी आधी, १९५५ च्या ‘पथेर पांचाली’साठी रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत जे वाजवलं, ते जगभरच्या लोकांच्या कानात आजही आहे. त्यांच्याकडेच सतार शिकलेले भास्कर चंदावरकर यांनी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विद्यार्थ्यांना चित्रपटसंगीत शिकवलं, ‘सामना’ला संगीत दिलं आणि तीसेक वर्षांनी ‘श्वास’लाही. ‘श्वास’मध्ये आजोबा आणि नातू इस्पितळात वाट पाहत बसतात, तेव्हा संगीत किती कमी असावं, हे तिथे ऐकण्यासारखं आहे.

‘जैत रे जैत’ (१९७७) माझ्या मते या सगळ्यांत निराळा. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. त्यात गाणं कुठे संपतं आणि पार्श्वसंगीत कुठे सुरू होतं, हे सांगता येत नाही. ठाकरांचा ढोल सिनेमाभर चालत राहतो. पडदा नसताना नुसतं ऐकलं तरी डोंगर दिसतो.

पडदा नसताना सिनेमा ऐकण्याची सवय आपल्याला तशी जुनीच. कल्याणला मामाकडे गणपतीत गेलं की मंडपाच्या कर्ण्यावरून ‘शोले’ ऐकू यायचा. गाणी नव्हे, संवाद! १९७५ च्या या सिनेमाच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि धडाक्यात खपल्या. मामाकडच्या लहान मुलांना सिनेमा पाहण्याआधीच तो पाठ होता. आज ती तबकडी पुन्हा ऐकताना लक्ष जातं ते संवादांमागच्या राहुलदेव बर्मन यांच्या कामगिरीकडे. हवेलीतल्या एकेक विझणाऱ्या दिव्याबरोबर येणारा तो माउथऑर्गन पडद्यावर अमिताभ वाजवतो, प्रत्यक्षात तो भानू गुप्तांचा.

हे सगळं ऐकता ऐकता मला एक गोष्ट उमगली. ख्याल ऐकायचा तर बैठक मारून ऐकावा लागतो. भावगीत आपलं सगळं लक्ष शब्दांकडे ओढून घेतं. पण पार्श्वसंगीत मुळात कोणाच्या तरी मागे उभं राहण्यासाठी घडवलेलं असतं. पुढे कोणी तरी बोलणार, चालणार, रडणार, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. पडदा काढून घेतला की ती पुढची जागा रिकामी होते आणि तिथे आपण जाऊन उभे राहतो. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, ठाण्याच्या पुढे गाडी खोळंबलेली असताना. म्हणूनच सकाळच्या चहाला मला ‘मालगुडी’ चालतं, गर्दीत ‘भारत एक खोज’ धीर देतं आणि रात्री दिवा मालवण्याआधी ‘पथेर पांचाली’तली सतार पुरते. ‘सैराट’चं (२०१६) संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केलं. ते ऐकताना लेडीज डब्याच्या दारातली मुलगी मला आर्चीसारखीच ताठ उभी असलेली दिसते. त्याच सिनेमाच्या शेवटी संगीत थांबतं आणि नुसती शांतता उरते, हेही मग आठवतं.

आता पुन्हा त्या पत्र्याच्या डब्याकडे वळते.

बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. ‘मालिका – १’ ऐकावी असं फार वाटत होतं, पण धीर होत नव्हता. फितीवर पांढरी बुरशी दिसत होती. अशी कॅसेट घरच्या जुन्या यंत्रात घातली तर फीत अडकून चुरगळण्याची भीती. आणि ती कॅसेट काही ‘मालगुडी’साठी मोलाची नव्हती. ‘मालगुडी’ फोनवर बोट टेकवलं की मिळतं, तेही स्वच्छ. मला हवं होतं त्याच्यामागचं. कारण बाबा कितीही तोंडावर बोट ठेवून उभे राहोत, आमच्या दोन खोल्यांच्या घरात शांतता अशी कधी नसेच. आणि आजीला तर कुठलाच नियम लागू नव्हता. तिचे फोटो चार आहेत. आवाज कुठेही नाही, असला तर या फितीवर.

ठाण्याला नौपाड्यात जुन्या कॅसेटवरचा आवाज संगणकावर उतरवून देणारे एक गृहस्थ आहेत, असं कळलं. त्यांनी कॅसेट उजेडात धरून पाहिली. म्हणाले, “ताई, बरं झालं घरी लावली नाहीत.” फीत नव्या कवचात घालायची, बुरशी हलक्या हाताने पुसायची, यंत्राचं हेड स्पिरिटने साफ ठेवायचं आणि मग एकदाच, पूर्ण वेळ, सलग वाजवायची. साठ मिनिटांची फीत उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. “पण एखाद्या ठिकाणी तुटू शकते, हे आधीच सांगतो,” ते म्हणाले. मी मान डोलावली, पण आठवडाभर झोप नीट लागली नाही.

आठव्या दिवशी त्यांचा फोन आला. “ताई, फीत शाबूत आहे. पण मागे फार आवाज आहेत हो. कुकर आहे, गाडी आहे, कोणी म्हातारी बाई बोलतायत. आता ते सगळं काढून टाकता येतं. काढू का? नुसती म्युझिक राहील.”

मी जवळजवळ ओरडलेच, “नको, नको! तेच ठेवा!”

त्या दुकानात कानाला हेडफोन लावून मी ऐकलं. आधी खरखर. मग ‘मालगुडी’ची सुरावट, जरा दुरून आल्यासारखी. तिच्यावरून धडधडत गेलेली लोकल. आमची इमारत रुळांना लागूनच होती. मोटारचा तो जुना घरघराट डीसी गाड्यांचा. मध्य रेल्वेवर तशी शेवटची गाडी २०१६ मध्ये धावली, आता तो आवाजही नाही. बाबांचं ‘शू!’ आणि त्यावर आतून आजी, अगदी स्पष्ट : “लागलं का गं? त्यांना म्हणावं थांबा जरा, गॅस बारीक करून आले.”

टीव्हीवाल्यांनी आपल्यासाठी थांबावं, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल. त्यावर ‘चित्रहार’ लिहिलेलं असेल, ‘महाभारत’ लिहिलेलं असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल. ‘हे सगळं आता फोनवर मिळतं’ म्हणून तो भंगारात देऊ नका. दूरदर्शनच्या त्या काळातल्या कार्यक्रमांपैकी बरेचसे आज पाहायला मिळत नाहीत, हा एक भाग झाला. पण जे मिळतं, त्यातही तुमचं घर नाही. फितीचं आयुष्य काही अमर्याद नसतं, आणि आपल्याकडची पावसाळी हवा तिला मानवत नाही. येत्या पावसाच्या आत डबा खाली काढा. यंत्रात घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. आणि त्याने विचारलं, तर मागचा आवाज काढू देऊ नका.

उतरवलेला आवाज घेऊन मी डोंबिवलीला आईकडे गेले. आई आता शहाऐंशीची आहे, ऐकू कमी येतं. तिच्या कानाशी फोन धरला. ‘मालगुडी’ची सुरावट झाली, गाडी गेली, सासूबाईंचा आवाज आला. आई काहीच बोलली नाही. नुसती समोर पाहत राहिली. मग फितीवर कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

“तीन झाल्या,” ती म्हणाली, “बंद कर गं गॅस.”